घरच्या सर्व्हरवर फ्रीबीएसडी : जवळपास वर्षभराच्या वापरानंतर

फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच मोफत, युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम घरच्या सर्व्हरसाठी घ्यावी का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. १४.२ ही आवृत्ती बसवून, मध्येच ती १४.३वर नेऊन, चिपळूणचा एक अख्खा पावसाळा तिच्यासह काढल्यानंतर मी हे उत्तर देत आहे. मात्र हा होकार सरसकट नाही. आपले यंत्र आतून कसे चालते हे समजावे, आणि आज समजलेले पुढच्या वर्षीही तसेच लागू राहावे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी तो आहे. दुपारी कानावर आलेले नवे ॲप रात्री चालू करून पाहण्यात ज्यांना खरी मजा वाटते, त्यांनी सरळ डेबियन किंवा उबुंटू हे लिनक्सचे वितरण घ्यावे. त्यांचा वेळ वाचेल आणि चिडचिडही.

यंत्र अगदी साधे आहे. कार्यालयातून निघालेला, सहाव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा छोटा टॉवर, १६ जीबी रॅम, सिस्टिमसाठी एक लहान एसएसडी आणि साठवणीसाठी ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क. सेकंडहँड बाजारात अशी यंत्रे मुबलक मिळतात. घेताना मी एकाच गोष्टीचा आग्रह धरला : नेटवर्क चिप इंटेलची हवी. रिअलटेकच्या चिपा फ्रीबीएसडीवर चालतच नाहीत असे नाही, पण मूळ ड्रायव्हरबद्दल तक्रारी जुन्या आहेत आणि पुष्कळांना शेवटी पोर्ट्समधला (बाहेरच्या सॉफ्टवेअरच्या संग्रहातला) वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो. वायफायची बाजू तर याहून लंगडी आहे. ८०२.११एसी या वायफाय मानकाचा वेग काही इंटेल कार्डांना १४.३मध्ये मिळाला, आणि तोवर हे मानक जुने होऊन गेले होते. सर्व्हर तारेने जोडलेला असल्याने मला त्याची झळ बसली नाही. जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर करू पाहणाऱ्याला मात्र बसेल. प्लगमध्ये लावायच्या मीटरवर यंत्र निवांत असताना सुमारे २५ वॅट दिसतात, म्हणजे महिन्याला १८ युनिटच्या आसपास. सीपीयूला खोलवरच्या झोपेत जाण्याची परवानगी मला स्वतः सेटिंग बदलून द्यावी लागली. ही बाब लिनक्सवर बहुतेक वेळा आपोआप होते, इथे अजून होत नाही.

आता ज्या गुणासाठी मी इथे थांबलो, त्याकडे येतो. लिनक्समध्ये कर्नल (सिस्टिमचा गाभा) एका ठिकाणचा, मूळ आज्ञा दुसरीकडच्या, इनिट (यंत्र सुरू होताना सेवा चालू करणारा प्रोग्राम) तिसरीकडचे, आणि हे सारे जुळवून देणारे वितरण चौथ्यांचे असते. फ्रीबीएसडीत कर्नल आणि मूळ आज्ञा एकाच भांडारात, एकाच गटाच्या देखरेखीखाली वाढतात आणि एकत्रच प्रसिद्ध होतात. बर्कले विद्यापीठातून बाहेर पडलेल्या संपूर्ण युनिक्सचा हा वारसा आहे. १९९३मध्ये प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याच्या हाती सुटे भाग नव्हते, एक अखंड सिस्टिम होती. रोजच्या वापरात याचा अर्थ असा, की आपण बाहेरून बसवलेले सर्व काही, त्याच्या सेटिंगच्या फायलींसकट, 'यूएसआर-लोकल' या एका फांदीखाली जाते आणि मूळ सिस्टिम तिच्या जागी अस्पर्श राहते. काय माझे आणि काय सिस्टिमचे, हे शोधावे लागत नाही. यंत्र सुरू होताना काय काय चालू व्हावे हे 'आरसी.कॉन्फ' या एका साध्या फाइलमध्ये लिहिलेले असते. माझी ही फाइल एका पडद्यावर मावते, आणि ती वाचली की सर्व्हर काय करतो ते कळते.

बदलही इथे सावकाश येतात. नेटवर्कसाठी 'आयएफकॉन्फिग' ही आज्ञा होती, आजही तीच आहे; वायफाय, ब्रिज, व्हीलॅन हे सारे तिच्यातच सामावत गेले. २०२३च्या नोव्हेंबरात आलेल्या १४.०मध्ये रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, शेल (आज्ञा घेणारा प्रोग्राम) बदलला आणि सेंडमेलच्या जागी डीएमए हा हलका टपालवाहक आला. या दोन बदलांची जेवढी चर्चा झाली तेवढी दुसरीकडे अख्खी इनिट प्रणाली बदलताना व्हावी. जुन्या मंडळींचा हा हट्टीपणा कधीकधी त्रासदायक वाटतो, पण महिन्यातून एखाद्या रविवारीच सर्व्हरला हात लावणाऱ्या माझ्यासारख्याला तो सोयीचा आहे. विसरायला वेळ मिळतो, आणि परत आल्यावर सारे जिथल्या तिथे असते.

साठवणीसाठी झेडएफएस आहे, आणि खरे सांगायचे तर निम्मा सर्व्हर म्हणजे झेडएफएसच. ही फाइल सिस्टिम सन मायक्रोसिस्टिम्सची. फ्रीबीएसडीत ती २००८च्या ७.० आवृत्तीपासून आहे, आणि २०२१च्या १३.०पासून लिनक्स व फ्रीबीएसडी दोघे ओपनझेडएफएस या मुक्त प्रकल्पाचा एकच कोड वापरतात. तेव्हा झेडएफएस हवी म्हणून फ्रीबीएसडी घ्यावी, हा जुना युक्तिवाद आता तेवढा खरा उरलेला नाही. फरक आहे तो बसवण्याच्या पद्धतीत. इथे ती इन्स्टॉलरमध्येच निवडता येते, बूटही तिच्यावरून होते, आणि कर्नल बदलला म्हणून तिचे मॉड्यूल पुन्हा जुळवण्याची वेळ येत नाही.

तिची किंमत मला उन्हाळ्यात कळली. रोज पहाटे फ्रीबीएसडी स्वतःहून एक अहवाल रूटच्या नावे टपालात टाकते, आणि त्यात झेडएफएसची स्थिती यावी असे मी सेटिंगमध्ये नमूद केले होते. एके दिवशी त्यात एका डिस्कपुढच्या चेकसमच्या, म्हणजे पडताळणीत न जुळलेल्या तुकड्यांच्या, रकान्यात शून्याऐवजी आकडा दिसला. दोन डिस्कांवर एकच मजकूर आरशासारखा ठेवलेला असल्याने चुकीचा आलेला तुकडा दुसऱ्या डिस्कवरून आपोआप दुरुस्त झाला होता आणि एकाही फाइलला धक्का लागला नव्हता. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या, नोंदीत डिस्कचे खराब सेक्टर वाढलेले नव्हते, वाढली होती ती यूडीएमए सीआरसी चुकांची, म्हणजे डिस्क आणि संगणक यांच्यातल्या वाहतुकीतल्या चुकांची, संख्या. म्हणजे दोष पाट्यांवर नसून वाटेत होता. साटा केबल बदलली, गणती पुसली आणि पूर्ण स्क्रब (साठवलेला सगळा मजकूर वाचून पडताळणे) चालवला. तो स्वच्छ निघाला. साध्या फाइल सिस्टिमवर हाच दोष कुणाला कळलाही नसता. दोनचार वर्षांनी एखादा फोटो अर्धा करडा उघडला असता, इतकेच. स्क्रबही रोजच्या अहवालाच्या यंत्रणेतूनच ठरावीक काळाने चालवता येतो. मूळ अंतर ३५ दिवसांचे आहे आणि मी ते तसेच ठेवले आहे.

वीज जाणे हा कोकणात अपवाद नाही. झेडएफएस जुन्या मजकुरावर लिहीत नाही. नवे रिकाम्या जागी लिहून मगच दिशादर्शक बदलते. त्यामुळे अचानक बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू होते तेव्हा डिस्क तपासत बसण्याचा टप्पाच येत नाही. जाऊ शकतात ती शेवटच्या काही सेकंदांत स्मृतीत असलेली, अजून डिस्कवर न उतरलेली पाने. नेहमीच्या सेटिंगमध्ये हा काळ साधारण ५ सेकंदांचा असतो. तरीही यूपीएस हवाच. घरातला इन्व्हर्टर पंखे-दिवे सांभाळतो, पण वीज जाऊन त्याच्यावर येताना मध्ये जी उघडझाप होते तेवढ्याने संगणक रिसेट होतो. म्हणून मध्ये एक छोटा यूपीएस ठेवला आहे. यूपीएस विकत घेताना त्याला यूएसबीचे तोंड आहे का हे आधी पाहावे. स्वस्तातल्या पुष्कळांना ते नसते, आणि मग बॅटरी संपत आल्याचे यंत्राला सांगणार कोण? माझा मेगाटेक प्रोटोकॉल बोलणारा आहे. यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या नट या पॅकेजातल्या ड्रायव्हरने तो ओळखला आणि बॅटरी उतरू लागली की सर्व्हर आता रीतसर बंद होतो.

मराठीत फायलींची नावे ठेवणाऱ्यांसाठी एक बाब मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण ती कुठल्याच इंग्रजी मार्गदर्शकात सापडत नाही. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येते : एकाच संकेताने, किंवा 'र' आणि त्यामागून नुक्ता अशा दोन संकेतांनी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावे सुटी करून, म्हणजे दुसऱ्या प्रकाराने ठेवते. आपण कळफलकावर टंकतो ते बहुधा पहिल्या प्रकारचे असते. अशा मॅकच्या डिस्कवरून आरसिंक या प्रती काढण्याच्या साधनाने फोटो आणले आणि तीच फोल्डरे दुसऱ्या संगणकावरूनही आली, की 'साताऱ्याची सहल' या नावाची दोन फोल्डरे शेजारी शेजारी दिसू लागतात आणि सर्व्हरच्या लेखी ती वेगळी असतात. झेडएफएसमध्ये यावर 'नॉर्मलायझेशन' नावाचा गुणधर्म आहे. तो 'फॉर्मडी' असा ठेवला, की नाव साठवले जाते जसेच्या तसे, पण दोन नावांची तुलना करताना हा भेद धरला जात नाही. अट एकच : हा गुणधर्म डेटासेट (झेडएफएसमधला साठवणीचा स्वतंत्र विभाग) तयार करतानाच द्यावा लागतो, नंतर बदलता येत नाही. फोटो आणि कागदपत्रांचे डेटासेट करताना मी तो दिला होता आणि आतापर्यंत एकही जुळे फोल्डर निर्माण झालेले नाही. 'दऱ्या', 'पायऱ्या', 'सातबाऱ्याचे उतारे' अशी नावे ज्यांच्या घरी आहेत त्यांनी डिस्क भरायच्या आधी एवढे करावेच.

स्नॅपशॉटविषयी, म्हणजे फायलींच्या त्या त्या क्षणीच्या गोठवलेल्या चित्राविषयी, पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. सॅनॉइड हे पॅकेज दर तासाचे, दिवसाचे आणि महिन्याचे स्नॅपशॉट काढते आणि जुने काढून टाकते. विंडोजला फायली पुरवणाऱ्या सांबामध्ये शॅडो कॉपीची जोडणी केली, की विंडोजवर फोल्डरवर उजवी टिचकी देऊन मागील आवृत्त्या दिसतात. घरात कुणाच्या हातून वह्यांचे स्कॅन पुसले गेले, तर आता मला हाक मारली जात नाही. परस्पर काढून घेतात.

घराबाहेरची प्रत ही मात्र चिपळुणात राहणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. जुलै २०२१मध्ये वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले, तेव्हा घराघरांतले अल्बम, दाखले आणि संगणक एकाच वेळी गेले. एकाच छताखाली ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत, हे त्या आठवड्याने दाखवून दिले. सर्व्हर माझ्याकडे वरच्या मजल्यावर आहे आणि रोज रात्री झेडएफएसच्या सेंड-रिसीव्हने दोन स्नॅपशॉटमधला केवळ फरक पुण्याला बहिणीकडच्या लहानशा यंत्राकडे जातो. तिथली डिस्क फ्रीबीएसडीच्याच जेली (geli) या साधनाने कूटबद्ध केलेली आहे, म्हणून तिकडे वीज जाऊन आली की परवलीचा शब्द मला इथून एसएसएचने (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने) द्यावा लागतो. झेडएफएसचे स्वतःचे कूटबद्धीकरण वापरून कुलूपबंद मजकूरच पाठवता आला असता. पण सेंड-रिसीव्हबरोबर त्याच्या काही कोपऱ्यांतल्या दोषांच्या तक्रारी मी वाचल्या होत्या, आणि बॅकअप ही साहस करण्याची जागा नव्हे.

सेवा सगळ्या जेलमध्ये, म्हणजे एकाच यंत्रातल्या एकमेकांपासून अलग कप्प्यांत, आहेत. जेल ही सोय २०००मध्ये ४.० आवृत्तीबरोबर आली. लिनक्सवर अशाच कप्प्यांसाठी वापरले जाणारे डॉकर २०१३चे, यावरून काळाचा अंदाज यावा. कर्नल एकच, पण प्रत्येक जेलला स्वतःचे फाइल वृक्ष, स्वतःचे वापरकर्ते आणि व्हीनेट वापरले तर स्वतःचे संपूर्ण नेटवर्क. नेक्स्टक्लाउड (फायलींचा घरगुती क्लाउड) आणि त्याचा पोस्टग्रेस डेटाबेस एका जेलमध्ये, चित्रपट-गाणी पुरवणारे जेलीफिन दुसऱ्यात, यंत्रांतल्या फायली जुळत्या ठेवणारे सिंकथिंग तिसऱ्यात, अशी मांडणी मी बॅस्टिल या साधनाने केली आहे. जेल म्हणजे एक छोटी फ्रीबीएसडीच, त्यामुळे आत गेल्यावर नवे काही शिकावे लागत नाही : तीच आरसी.कॉन्फ, तेच पॅकेज व्यवस्थापन. नेक्स्टक्लाउडची आवृत्ती वाढवताना पायरी गाळता येत नाही आणि सोबत पीएचपी ही त्याची भाषाही हलते, म्हणून आधी त्या जेलच्या डेटासेटचा स्नॅपशॉट घ्यायचा आणि मग हात लावायचा, असा माझा शिरस्ता आहे. जुलैतल्या अद्ययावतीकरणात पान पांढरे दिसू लागले, तेव्हा एका आज्ञेने जेल आधीच्या क्षणावर आणले आणि सवडीने दुसऱ्या दिवशी कारण शोधले. पॅकेजांची त्रैमासिक शाखा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरला पालटते. मोठे धक्के त्याच सुमारास येतात, मधल्या काळात बहुतांशी सुरक्षेच्याच दुरुस्त्या येतात.

आता उणी बाजू, आणि ती मोठी आहे. घरगुती सर्व्हरसाठी लिहिले जाणारे आजचे बहुतेक सॉफ्टवेअर डॉकरच्या कंपोझ फाइलच्या (कोणते कप्पे कसे चालू करायचे त्या यादीच्या) रूपात येते, आणि डॉकर फ्रीबीएसडीवर स्वाभाविकपणे चालत नाही. पॉडमन या डॉकरसारख्या साधनाच्या वाटेने प्रयत्न सुरू आहेत, पण बाहेरच्या बहुतेक प्रतिमा (कप्प्यांचे तयार साचे) लिनक्ससाठीच बांधलेल्या असतात. फोटोंसाठी इमिच हवे होते. त्यासाठी मला बीहाइव्ह या फ्रीबीएसडीच्या हायपरवायझरमध्ये डेबियनचे आभासी यंत्र उभे करून, त्याला ४ जीबी रॅम देऊन, त्यात डॉकर चालवावे लागले. बीहाइव्ह स्वतः उत्तम आहे, महिनोन्महिने मान वर न काढता चालले आहे. पण मग झेडएफएसच्या कॅशला ६ जीबीची मर्यादा घालावी लागली, कारण मोकळी दिसेल ती बहुतेक रॅम वापरायला घेणे हा तिचा स्वभाव आहे. आणि सांभाळायला एक लिनक्स शेवटी आलेच. एका सेवेसाठी हे मी सोसतो. ज्यांच्या यादीतल्या सगळ्याच सेवा अशा असतील, त्यांच्याकडे फ्रीबीएसडी म्हणजे डेबियन ठेवायची महागडी चौकट ठरेल, आणि तसे होऊ देण्यात काही अर्थ नाही.

दुसरी उणीव माणसांची. अडचण आली तर गावातला संगणक दुरुस्तीवाला, ओळखीतला आयटीतला भाचा, कुणीही उपयोगी पडत नाही. नावच ऐकलेले नसते. याची भरपाई दस्तऐवजांनी बऱ्याच प्रमाणात होते. फ्रीबीएसडीचे हँडबुक आणि मॅन पेजेस (यंत्रावरच असलेली आज्ञांची माहितीपाने) ही नंतर सुचून लिहिलेली पत्रके नाहीत. आज्ञेतला बदल आणि पानातला बदल सहसा बरोबरच येतो. इंटरनेट बंद असतानाही, केवळ यंत्रावरच्या पानांवर विसंबून मी पीएफ या फायरवॉलचे नियम लिहू शकलो.

पीएफचा विषय निघाला आहे तर ती जिथून आली त्या ओपनबीएसडी या दुसऱ्या बीएसडी सिस्टिमबद्दलही लिहायला हवे, कारण या मांडणीत तिचाही एक कोपरा आहे. घरच्या ब्रॉडबँडला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नाही. पुरवठादार एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो, त्यामुळे बाहेरून घरी थेट येता येत नाही. म्हणून भाड्याच्या एका लहान आभासी सर्व्हरवर ओपनबीएसडी ठेवली आहे आणि घरचा सर्व्हर वायरगार्ड या कूटबद्ध बोगद्याने (व्हीपीएनने) तिच्याशी जोडलेला राहतो. वायरगार्ड ओपनबीएसडीच्या कर्नलमध्ये ६.८पासून आहे, फ्रीबीएसडीत १३.२पासून. १९९५मध्ये नेटबीएसडीतून वेगळ्या झालेल्या या प्रकल्पाने जगाला ओपनएसएसएच दिले, आणि तिथला काटेकोरपणा वापरताना जाणवतो : फायरवॉल, वेब सर्व्हर, प्रमाणपत्रे मिळवण्याचे साधन, सगळे मूळ सिस्टिममध्येच. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि सिसअपग्रेड ही एक आज्ञा ती बसवते. चहा होईपर्यंत यंत्र परत हजर असते. मात्र घरात, डिस्कांपाशी, मी ती ठेवणार नाही. तिच्याकडे झेडएफएस नाही, जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) असलेली फाइल सिस्टिमही नाही. आमच्याकडच्या विजेवर प्रत्येक धक्क्यानंतर काही टीबींची तपासणी होत बसेल. शिवाय पीएफ दोन्हीकडे एकाच नावाची असली तरी ओपनबीएसडीने ४.७मध्ये नॅटच्या (एक पत्ता अनेक यंत्रांत वाटण्याच्या) नियमांची रचना बदलली आणि फ्रीबीएसडी बराच काळ जुन्या रचनेवर राहिली, त्यामुळे इकडचे नियम उचलून तिकडे ठेवता येत नाहीत. दोन्ही फायलींच्या माथ्यावर मी त्या कुठल्या यंत्राच्या आहेत ते ठळकपणे लिहून ठेवले आहे.

१४.२वरून १४.३वर जाण्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही, आणि हीच तिची स्तुती. फ्रीबीएसडी-अपडेटने बदल आणले, त्याआधी चालू सिस्टिमचे बूट एन्व्हायर्नमेंट आपोआप जपून ठेवले गेले, म्हणजे नवे बिघडलेच तर बूटच्या यादीतून जुन्यावर परतता आले असते. वेळ मात्र बराच गेला. ही आज्ञा संथ आहे, आणि मध्येच सेटिंगच्या फायलींतले फरक विचारत बसते. हार्ड डिस्कवर सिस्टिम असलेल्यांनी संध्याकाळ मोकळी ठेवावी.

१५.० आता आलेली आहे आणि तीत मूळ सिस्टिमही सुट्या पॅकेजांच्या रूपाने बसवण्याचा पर्याय आहे. अद्ययावतीकरणाचा संथपणा त्याने जाईल, हे मला दिसते. पण ज्या आज्ञेने मी जेलमधले पॅकेज काढतो तीच आज्ञा आता कर्नललाही हात लावू शकेल, हे पचायला मला वेळ लागेल. माझे आणि सिस्टिमचे यांच्यातली स्वच्छ रेघ हेच तर इथे थांबण्याचे कारण होते. १४च्या मालिकेला नोव्हेंबर २०२८पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत, म्हणून घरच्या यंत्रावर घाई नाही. पुण्याच्या यंत्रावर फक्त मजकुराच्या प्रती आहेत, तेव्हा १५ची मालिका आधी तिथे बसवेन, आणि तेही १५.१ आल्यावर.